साखरलेल्या मधाचं पत्र

डिचोली, गोवा
१८ जानेवारी

प्रिय सुन्या,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग थोडा रागही आला. ‘तुझा मध साखरेचा निघाला, अर्ध्या बाटलीचा रवा झालाय’ म्हणे! अरे, इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी तुला साखरेचा पाक पाठवीन होय?

ती बाटली मी गेल्या एप्रिलात सत्तरी तालुक्यातल्या एका मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्याकडून स्वतः भरून आणली. मधयंत्रात पोळी फिरत होती तेव्हा शेजारी उभा होतो. सातेरी माशीचा मध. (सातेरी ही आमची वारुळाच्या रूपात पुजली जाणारी देवी, नाव घेतलं की हात आधी वारुळाकडे जोडले जातात. माशीलाही तेच नाव, याची मला आपली गंमत वाटते.) ही माशी ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी पोळी बांधते, म्हणून पेटीत नांदते. आग्या माशी उघड्यावर एकच भलंमोठं पोळं लोंबवते. तिला कोण कोंडणार!

तर हा मध माझ्या फडताळात सात-आठ महिने पातळ राहिला आणि तुझ्या ओट्यावर पंधरवड्यात थिजला. दोष तुमच्या पुण्याच्या थंडीचा. मधात मुख्य साखरा दोन. फ्रुक्टोज विरघळलेलं राहतं, ग्लुकोज दाणे धरतं, आणि १४ अंशांच्या आसपास सगळ्यात झपाट्यानं. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटेही सहसा तेवढा गारठा नसतो. साखरला म्हणजे शुद्धच, असंही नाही हं. आणि ते पेलाभर पाण्यात थेंब सोडून बघणं तर सोडूनच दे, दाट पाकही तसाच तळाशी बसतो. २०२० साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं बाजारातले १३ ब्रँड तपासले, त्यातले १० एनएमआर या भेसळ शोधणाऱ्या चाचणीत नापास झाले. भेसळ पकडायला तसली यंत्रं लागतात, तिथे तुझा-माझा पेला काय करणार? म्हणून मी माणूस बघून मध घेतो.

आता तो पातळ कसा करायचा, ते माझ्या फजितीवरून शीक. दोन वर्षांपूर्वी माझीही बाटली अशीच थिजली होती. मी शहाण्यासारखी ती पातेल्यात ठेवली, खाली गॅस मोठा केला आणि अंगणात गप्पा मारत बसलो. परत येऊन बघतो तर रंग काळपट, वास पार उडालेला, चव काकवीची. ही म्हणाली, ‘काकवीच हवी होती तर बाजारात स्वस्त मिळाली असती.’ तेव्हा तू नुसतं हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घे, बाटली त्यात तासभर ठेव, पाणी निवलं की बदल. नाहीतर घाई कशाला? मी तर हल्ली तसाच रवाळ मध सुरीनं गरम पोईवर, म्हणजे आमच्या पोकळ पावावर, फासतो. पातळ मध पोईच्या पोकळीतून थेट मनगटावर उतरतो, हा मात्र जागेवर बसतो. वरून चिमूटभर मीठ. करून बघ.

एक मात्र बजावून सांगतो. नातीला बोटभर चाटवायचा म्हणून वहिनींनी बाटली उघडली, असं तू लिहिलंयस. पोर पाच महिन्यांची आहे. वर्षाची होईपर्यंत थेंबही नको, कितीही शुद्ध असला तरी. मधात बोट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आपल्याला सोन्याच्या अंगठीनं चाटवला होता हे खरं, पण वहिनींना म्हणावं, हवं तर माझ्यावर रागवा.

सोबत मांगाडाची, म्हणजे आमच्याकडच्या आंब्याच्या जॅमची, एक लहान बरणी आहे. मुसराद आंब्याचं, गेल्या मे महिन्यातलं. ढवळताना उडालेल्या थेंबाचा डाग अजून माझ्या मनगटावर आहे, तेव्हा ते तरी नावं न ठेवता खा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतोय, पोई घ्यायला जातो.

मधाची बाटली रिकामी झाली की बुचासकट परत पाठव. असली रुंद तोंडाची आता मिळत नाही.

तुझा,
बाळ्या