हॅलोविनचा भोपळा : सुरी नको, करवत हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या हॅलोविनची छायाचित्रं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही येतात. डोळे, नाक, दात कोरलेला आणि आतून उजळलेला केशरी भोपळा मराठी वाचकाला आता अनोळखी नाही. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांत मुलांच्या हट्टाखातर तो दरवर्षी कोरला जातो. दिवाळी जवळ आली असेल, जशी २०१६ साली लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होतं, तर एकाच दारात वर आकाशकंदील आणि खाली भोपळा दिसतो. मात्र या छायाचित्रांत पुष्कळदा लहान मुलाच्या हातात स्वयंपाकघरातली लांब सुरी असते. हे पत्र मुख्यतः त्या सुरीसाठी आहे.

भोपळ्याची साल कडक असते आणि आतला गर ओला, चिवट. सुरी आत जाते, पण वळवायला गेलं की पातं गरात रुतून बसतं. मग जोर लावून ओढलं की ते एकदम सुटतं, किंवा ओला हात मुठीवरून सरकून पात्यावर येतो. भोपळा घट्ट धरलेला दुसरा हात नेमका त्याच वाटेवर असतो. तिकडचे हाताची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दर ऑक्टोबरात बजावतात ते यासाठीच, कारण या जखमांत बोटं वाकवणारे स्नायुबंध आणि नसा कापल्या जातात. कोरण्याच्या संचात मिळणारी छोटी करवत वापरावी. तिचं पातं पेन्सिलीएवढं अरुंद, दाते बारीक आणि टोक बोथट असतं. ती खाली-वर चालवायची, दाबायची नाही. कोपरा आला की पातं जागीच पिळू नये, ते मोडतं. बाहेर काढून नव्या दिशेनं पुन्हा घालावं. करवत मोठ्यांच्या हातात असावी. चित्र काढणं, बिया उपसणं आणि गर खरवडणं ही कामं मुलांची, आणि ती त्यांना तासभर पुरतात.

मुळात ही चाल आयर्लंडची. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. डोनेगॉल परगण्यातल्या अशा एका सलगम-कंदिलाची प्लॅस्टरची प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिचा चेहरा भोपळ्यापेक्षा कितीतरी भेसूर आहे. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येनं अमेरिकेत आली. तिथे त्यांना घट्ट सलगमाऐवजी तिथलाच, मोठा आणि आतून पोकळ भोपळा मिळाला.

निवड करताना देठ पाहावा. तो हिरवट, टणक आणि भोपळ्याला घट्ट चिकटलेला हवा. बूड सपाट असावं, आणि बुडाकडे बोटानं दाबून मऊ जागा नाही ना, हे पाहावं. कुजायला सुरुवात बहुधा तिथूनच होते. देठाला धरून भोपळा उचलू नये. देठ तुटला की तिथून बुरशी शिरते. ५ ते ७ किलोचा भोपळा घरच्या कामाला पुरतो.

झाकण वरून कापायचं असेल तर पातं आतल्या बाजूला कलतं धरावं, म्हणजे झाकण शंकूसारखं बसतं. सरळ उभं कापलेलं झाकण दोन दिवसांत सुकून आकसतं आणि आत पडतं. त्याच्या कडेला एक खाच ठेवली की पुन्हा बसवताना फिरवत बसावं लागत नाही. माझ्या मते मात्र बुडाकडूनच उघडणं चांगलं. वरचा भाग अखंड राहतो, सुटलेलं पाणी आत साचत नाही आणि भोपळा दिव्यावर नुसता उपडा ठेवता येतो.

बिया आणि जाळी काढल्यावर लोक थांबतात, पण खरं काम तिथून पुढचं आहे. चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून खरवडून साधारण अडीच सेंटीमीटरवर आणावी लागते. आइस्क्रीमचा मजबूत डाव किंवा जाड कडेचा चमचा चालतो. जाडी समजण्यासाठी जिथे डोळा कोरायचा आहे तिथेच बाहेरून टाचणी टोचून पाहावी. भिंत जाड राहिली तर करवत अडते आणि प्रकाश खोबणीतच अडकतो. फार पातळ झाली तर दुसऱ्याच दिवशी चेहरा आत वळू लागतो.

नक्षीचा कागद चिकटवून रेषेवर ३-४ मिलिमीटर अंतरानं टोचे मारावेत. कागद काढल्यावर ते दिसेनासे होतात; चिमूटभर मैदा चोळला की पांढरे ठिपके उमटतात. आधी बारीक तुकडे कापावेत, तेही मधून कडेकडे. तोंडासारखी मोठी भोकं शेवटी, कारण मोठा तुकडा निघाला की आजूबाजूचा भाग लेचापेचा होतो आणि त्यावर करवतीचा भार टाकता येत नाही. दोन भोकांमध्ये किमान दीड सेंटीमीटर पट्टी राहू द्यावी. एखादा दात तुटलाच तर अर्धी टूथपिक खोचून जोडता येतो.

दिवा बॅटरीचा असावा. हॅलोविनच्या संध्याकाळी सोंगं घेऊन खाऊ मागायला दारात येणाऱ्या मुलांचे पोशाख लांब, सैल आणि पटकन पेटणारे असतात. मेणबत्तीच लावायची असेल तर झाकण क्षणभर ठेवून उचलावं. काजळी धरेल तिथे धुरासाठी भोक पाडावं.

आता तारखेबद्दल. कोरलेला भोपळा उबदार हवेत तीन ते पाच दिवस टिकतो. म्हणून ३१ तारखेच्या हॅलोविनसाठी तो २९ किंवा ३०लाच कोरावा. मधल्या दिवसांत अखंड भोपळा दारात ठेवायला काहीच हरकत नाही. कोरल्यावर ४ लिटर पाण्यात पोह्याचा एक चमचा ब्लीच घालून त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावा आणि उपडा घालून कोरडा करावा. कापलेल्या कडांना पेट्रोलियम जेली लावली की त्या उशिरा सुकतात, पण जेली लावलेल्या भोपळ्यात ज्योत लावू नये. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर भोपळा आत घ्यावा. गोठून पुन्हा वितळला की त्याचा लगदा होतो.

पुष्कळ घरांत याच भोपळ्याच्या गराचे घारगे करतात आणि पीठ सैल झालं म्हणून कणीक घालत राहतात. दोष कृतीचा नाही. कोरायचा भोपळा पातळ गराचा, पाणचट आणि रेषाळ असतो. आपल्या मंडईत फोडीवर विकला जाणारा लाल भोपळा वेगळ्या जातीचा, जाड आणि गोड गराचा. तिकडचा बटरनट त्याच जातीतला आहे. घारग्यांना तो घ्यावा. कोरण्याच्या भोपळ्याच्या बिया मात्र वाया घालवू नयेत. धुऊन, रात्रभर वाळवून, चमचाभर तेल, मीठ, हळद आणि तिखट चोळून १५० अंश सेल्सियसला पंचवीस-तीस मिनिटं भाजाव्यात, मधे एकदा हलवून. ओल्याच भाजल्या तर वातड होतात.

१ नोव्हेंबरला दिवा, मेण आणि टूथपिका काढून भोपळा फोडावा आणि कंपोस्टमध्ये टाकावा. ब्लीचमध्ये बुडवलेला भोपळा खारींसाठी किंवा हरणांसाठी अंगणात सोडू नये.

आपला,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)