बडनेऱ्याचे स्वामी आणि येट्सचा मेरू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आधुनिक इंग्रजी कवितेतल्या भारतीय विचारावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. असे विषय मराठी वर्तमानपत्रात येतात याचा मनापासून आनंद झाला. एलियटबद्दल लेखात जे लिहिले आहे त्याबद्दल तक्रार नाही. पण लेख आयरिश कवी येट्सपाशी आला आणि ‘येट्सवरही उपनिषदांचा प्रभाव होता’ एवढे एक वाक्य लिहून पुढे निघून गेला. त्या वाक्यात आमच्या भागातला एक माणूस हरवला आहे: श्री पुरोहित स्वामी. त्याच्यासाठी हे पत्र.

मी अमरावतीत ३२ वर्षे इंग्रजी शिकवले. दरवर्षी एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता शिकवताना शेवटच्या भागातला मेघगर्जनेचा ‘द’ आला की वर्ग जागा व्हायचा. बृहदारण्यक उपनिषदातली ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. प्रजापती देव, माणसे आणि असुर या आपल्या तिन्ही लेकरांना एकच अक्षर सांगतो, ‘द’. देव त्यातून ‘दाम्यत’ ऐकतात, माणसे ‘दत्त’, असुर ‘दयध्वम्’. स्वतःला आवरा, द्या, दया करा. एलियटने हा क्रम बदलला आणि ‘दत्त’ पहिला आणला. मला त्याचे कारण सरळ वाटते. ती कविता माणसांची आहे, म्हणून माणसांनी ऐकलेला ‘द’ आधी. शंकराचार्यांनीही भाष्यात म्हटले आहे की देव आणि असुर कुठे बाहेर शोधायला नकोत, माणसांतच हे तिन्ही प्रकार आहेत. वर्गात एखादे पोर हमखास विचारायचे, “सर, दत्त म्हणजे आपले दत्तगुरू का?” मी नाही म्हणायचो आणि ‘दा’ (देणे) हा संस्कृत धातू समजावून सांगायचो. हा दत्त पुढे पुन्हा येणार आहे.

एलियटने हार्वर्डला चार्ल्स लॅनमन यांच्याकडे दोन वर्षे संस्कृत आणि जेम्स वुड्स यांच्याकडे एक वर्ष पतंजली अभ्यासला. म्हणजे त्याच्याकडे हा विचार ग्रंथालयातून, व्याकरणाच्या वाटेने आला. पुढे त्याने प्रांजळपणे लिहिले की या विचाराच्या गाभ्यापर्यंत जायचे तर अमेरिकन किंवा युरोपीय म्हणून विचार करणे विसरावे लागेल, आणि तशी आपली इच्छा नाही. १९२७ साली तो अँग्लिकन पंथात गेला. तरीही १९४१च्या ‘द ड्राय सॅल्व्हेजेस’ या कवितेत, ऐन युद्धात, त्याला कृष्ण आठवलाच. ‘आपल्या उपनिषदांनी एलियटला जिंकले’ असे आपण भाषणांत म्हणतो, ते मला पटत नाही. त्याने मान दिला, घेण्यासारखे घेतले आणि तो आपल्या घरी परत गेला.

येट्सची गोष्ट निराळी आहे. त्याच्याकडे हा विचार दर वेळी माणसाच्या रूपाने आला. तरुणपणी डब्लिनमध्ये बंगाली थिऑसॉफिस्ट मोहिनी चटर्जी भेटले. १९१२ साली रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’ला त्याने प्रस्तावना लिहिली. ही दोन नावे सगळे घेतात. तिसरे नाव श्री पुरोहित स्वामींचे. जन्म १८८२, बडनेरा. हो, तेच बडनेरा, जिथे मुंबई-नागपूर गाडीतून उतरून आम्ही अमरावतीला येतो. घरची भाषा मराठी, उपासना दत्तात्रेयांची.

स्वामी १९३१ साली लंडनला पोचले आणि येट्सशी त्यांची ओळख झाली. पुढच्या सातेक वर्षांत या ओळखीतून जे उभे राहिले ते पाहावे. १९३२ साली स्वामींचे इंग्रजी आत्मचरित्र आले, प्रस्तावना येट्सची. १९३५ साली स्वामींचा गीतेचा अनुवाद आला. त्याच वर्षाच्या शेवटी दोघे स्पेनच्या माजोर्का बेटावर गेले आणि तिथे उपनिषदांच्या अनुवादाला बसले. येट्स तेव्हा सत्तरीचा होता, त्या हिवाळ्यात तो गंभीर आजारीही पडला. १९३७ साली ‘द टेन प्रिन्सिपल उपनिषद्स’ प्रसिद्ध झाले. प्रकाशक लंडनची फेबर, म्हणजे एलियट जिथे संचालक होता तीच संस्था.

या अनुवादाच्या प्रस्तावनेत येट्सने आधीच्या भाषांतरांतल्या जोडशब्दांच्या आणि लॅटिन वळणाच्या इंग्रजीवर राग काढला आहे. साध्या माणसांसारखे बोलावे आणि शहाण्यासारखा विचार करावा, हे ॲरिस्टॉटलच्या नावावरचे वचन त्याने तिथे दिले आहे. ज्ञानेश्वरीच्या मुलखातून आलेल्या स्वामींना त्यात काही नवे वाटले नसणार. ईशोपनिषदाचा शांतिमंत्र घ्या. ‘पूर्णमदः पूर्णमिदम्’ आपल्याला पाठ असतो, आणि पाठ असल्यामुळे ऐकूही येत नाही. या दोघांनी केलेल्या इंग्रजीत तो असा आहे: ‘टेक परफेक्ट फ्रॉम परफेक्ट, द रिमेन्डर इज परफेक्ट.’ रिमेन्डर! गणिताच्या वहीतला शब्द. पूर्णातून पूर्ण वजा केले, बाकी पूर्ण. ‘अवशिष्यते’ हे भारदस्त क्रियापद कितीदा म्हटले असेल, पण ते वजाबाकीचे आहे हे मला पन्नाशीत, एका आयरिश कवीच्या आणि बडनेऱ्याच्या स्वामींच्या इंग्रजीमुळे कळले. पुढच्याच ओळीत शांतीसाठी त्यांनी ‘पीस अँड पीस अँड पीस’ लिहिले आहे. एलियटने आपल्या कवितेच्या शेवटी ‘शांतिः’ तसाच संस्कृतात ठेवला आणि पहिल्या आवृत्तीतल्या टिपेत या शब्दाचे इंग्रजी रूप दुबळे पडते असे म्हटले. दोघांचेही म्हणणे मला समजते. पण वर्गात मुलांसमोर उभे राहिले की मी येट्स आणि स्वामींच्या बाजूचा होतो.

या अनुवादात दोष आहेत, तेही सांगतो. छांदोग्य आणि बृहदारण्यकात त्यांनी बरीच काटछाट केली. पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये गाळली, की तो मजकूर म्हणण्यासाठी आणि कानाने लक्षात ठेवण्यासाठी आहे हे वाचकाला कळत नाही. अभ्यासकाने हा अनुवाद मूळ संहितेच्या जागी ठेवू नये.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. १९३४ साली फेबरनेच ‘द होली माउंटन’ काढले. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांच्या मानसरोवर-कैलास यात्रेची ही हकिगत आहे. गोठलेल्या गौरीकुंडाकाठी बसून त्यांनी दत्तात्रेयांची वाट पाहिली आणि तिथे त्यांना दीक्षा मिळाली, असे ते सांगतात. प्रस्तावना पुन्हा येट्सची. आणि आतल्या पानावर स्वच्छ छापले आहे की हा अनुवाद मराठीतून केला आहे. संस्कृतातूनही नव्हे, मराठीतून. हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक हातात धरून कितीतरी वेळ नुसता बसून होतो. वर्गात ज्याला ‘नाही’ म्हणत आलो तो दत्तगुरू इंग्रजी कवितेच्या उंबऱ्याशी असा उभा होता.

याच काळात येट्सने ‘मेरू’ हे सुनीत लिहिले. माणूस विचाराच्या मागे धावतो, शतकामागून शतक सगळे ओरबाडतो, आणि शेवटी वास्तवाच्या उजाडपणापाशी येतो. इजिप्त, ग्रीस, रोम, सगळ्यांचा निरोप. मग मेरूवर किंवा एव्हरेस्टवर, बर्फाखालच्या गुहेत किंवा उघड्या अंगावर हिमवारा झेलत बसलेले तपस्वी येतात. त्यांना ठाऊक असते की दिवस रात्रीला घेऊनच येतो आणि पहाटेपूर्वी माणसाचे वैभव, त्याची स्मारके, काहीच उरलेले नसते. ही कविता निव्वळ कल्पनेतून आली असे मी वर्षानुवर्षे शिकवले, कारण मलाही तसेच शिकवले गेले होते. बर्फात उघड्या अंगाने बसलेली ती माणसे येट्सला ‘द होली माउंटन’मध्ये भेटली, अशी आता माझी खात्री आहे. म्हणजे विसाव्या शतकातल्या एका थोर इंग्रजी कवितेच्या पाठीमागे मराठी गद्याची काही पाने आहेत.

पुरोहित स्वामी १९४१ साली गेले. येट्सवरच्या इंग्रजी ग्रंथांत त्यांना जागा आहे, तिथे त्यांची चांगली-वाईट चर्चाही होते. आमच्या जिल्ह्यात त्यांचे नाव सांगितले तर लोक विचारतात, कोणते स्वामी? मी ज्या अभ्यासक्रमाने मुलांना तयार केले त्यात ‘मेरू’ होती, स्वामी नव्हते. यात माझाही दोष आहे. मीही उशिराच शोधले.

आपल्याला विनंती अशी की पुरवणीत स्वामींवर एक पूर्ण लेख द्यावा, आणि तो येट्सच्या चरित्राची पुरवणी म्हणून नको. त्यांचे बालपण, त्यांची दत्तभक्ती, लंडनला जाण्यामागची धडपड, हे सगळे त्यात यावे. दुसरे म्हणजे हंसांचा मूळ मराठी मजकूर. इंग्रजीत गेलेले ते मराठी मला मराठीत वाचायचे आहे. गौरीकुंडाचा तो प्रसंग त्यांनी कोणत्या शब्दांत सांगितला असेल? आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी, पोथ्यांच्या कपाटात, तो मजकूर असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावे. जुने कागद टपालाने पाठवू नयेत. गाव कोणतेही असो, मी स्वतः येईन, तिथेच बसून वाचीन आणि परवानगी दिली तर हाताने उतरवून घेईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमरावती