रंगीत काचेचा डाख सुधारून देणाऱ्या सरांना आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तांब्याची पट्टी लावून जोडलेल्या माझ्या रंगीत काचेच्या तावदानावर डाख (सोल्डर) कुठे खडबडीत बसे, कुठे त्याचे सुळके उभे राहत, तर कुठे तो फटीतून गळून मागच्या बाजूला थेंबाथेंबाने साचे. आणि ‘आयर्न (डाख वितळवण्याचे तापते हत्यार) अजून तापवा’ हा एकच सल्ला जो तो देत होता. आपण मात्र आयर्नकडे वळण्याआधी तावदान उलटे करून पाहिलेत आणि डाखाच्या तारेचे टोक कापून निरखलेत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळणारी तार बहुधा सर्किटसाठी असते. तिच्या पोटातली राळ तापली की काचेवर चिकट, तपकिरी डाग धरते, हे आपण दाखवून दिलेत. त्याऐवजी सुचवलेली 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिशाची भरीव तार 183 अंश सेल्सिअसला वितळू लागून 190 च्या आसपास पूर्ण पातळ होते आणि तितक्याच चटकन थिजते, म्हणून जोडावर गोलसर फुगवटा टिकतो. निम्मे-निम्मे मिश्रण मात्र सुमारे 215 अंशांपर्यंत अर्धवट घट्ट राहत असल्याने ते मागच्या बाजूलाच बरे.

सुळक्यांचे मूळ आयर्नच्या काळवंडलेल्या टोकात होते. ते ओल्या स्पंजावर पुसून आपण नवसागराच्या वडीवर घासलेत, पांढरा धूर निघाला, आणि तारेचा स्पर्श होताच टोक कल्हई केलेल्या पातेल्यासारखे लखलखले. रुंद फटींसाठी मागून चिकटपट्टी लावून आधी नुसती फट भरायची, काच निवू द्यायची आणि मगच फुगवटा द्यायचा, ही युक्ती तर कोणी सांगितलीच नव्हती. बारीक छिद्रे जास्तीचा फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून पट्टीला लावायचे रसायन) उकळल्यामुळे पडतात, हेही तेव्हाच उलगडले. काळवंडलेली तांब्याची पट्टी स्टीलवूलने घासून चालते, हे आपले मत. मला अजूनही ती बदललेलीच बरी वाटते.

शिशामुळे काम संपताच साबणाने हात धुण्याची आणि फ्लक्स खाण्याच्या सोड्याने स्वच्छ काढण्याची सूचना मी पाळते आहे. मागची बाजू या रविवारी पूर्ण होईल. काळा पॅटिना (डाखाला रंग देणारे द्रावण) लावण्यापूर्वी आपण ती एकदा तपासून द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी