शेवटच्या झाडाचं पाणी

तीर्थरूप आई-नानांस,
साष्टांग नमस्कार.

नाना, तुम्ही परवा फोनवर विचारलं, "रात्री बारा बारा वाजेपर्यंत त्या कॉम्प्युटरवर काय करत असते?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी प्रोग्रॅमिंग शिकते आहे. सॉफ्टवेअरचं नाव ऑक्टेव्ह, खास गणितं सोडवण्यासाठी बनवलेलं. असंच मॅटलॅब नावाचं जुनं आणि मोठं सॉफ्टवेअर आहे, पण त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. ऑक्टेव्ह फुकट आहे आणि लिहायची पद्धत जवळपास तीच. जॉन ईटन यांनी 1992 मध्ये त्याचं काम हाती घेतलं आणि नाव दिलं आपल्या सरांचं, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील. हे सर केमिकल इंजिनिअरिंगचे, आणि अवघड हिशेब कागदाच्या कपट्यावर अंदाजाने झटपट करण्यासाठी प्रसिद्ध. हे वाचलं आणि मला तुम्ही दिसलात, बांधावर उभं राहून खताच्या बिलाच्या पाठीमागे आकडे मांडणारे.

शिकायला गणित कुठलं घ्यावं, हा प्रश्नच पडला नाही. आपल्या केळीच्या मृगबागेत नळीच्या टोकाची झाडं दरवर्षी उशिरा निसवतात, घडाला एक-दोन फण्या कमी. तुम्ही म्हणता, तिथवर पाणी पोचत नाही. मला बघायचं होतं, नेमकं किती पोचत नाही.

आपली ठिबकची नळी 16 मिलिमीटरची, 300 फूट लांब, दर दोन फुटांवर ड्रिपर, म्हणजे 150 ड्रिपर. नळीच्या तोंडाशी दाब एक किलो धरला, म्हणजे साधारण 10 मीटर उंच पाण्याचा. त्या दाबाला ड्रिपर तासाला 4 लिटर देतो. पुढे घर्षणाने दाब उतरत जातो, आणि दाब उतरला की ड्रिपरचं पाणी कमी होतं. अडचण अशी, की घर्षण किती ते पुढच्या सगळ्या ड्रिपरांना मिळून किती पाणी जातंय त्यावर ठरतं, आणि ते पाणी पुन्हा दाबावर. दोन्ही एकमेकांत अडकलेलं.

तीन रात्री मी तोंडाकडून सोडवत बसले. मग टोकाकडून सुरुवात केली. शेवटच्या ड्रिपरचा दाब अंदाजाने धरायचा, तिथून एकेक ड्रिपर मागे यायचं, प्रत्येक ठिकाणी पाणी मिळवत जायचं आणि दाब वाढवत जायचा. तोंडाशी आल्यावर 10 मीटर भरले का ते पाहायचं. जास्त भरले तर अंदाज खाली, कमी भरले तर वर. हे 150 वेळा मागे येणं कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. पहिल्यांदा उत्तर भलतंच आलं, कारण एका जागी पाणी तासाला लिटरमध्ये होतं आणि सूत्राला सेकंदाला घनमीटर हवे होते. ती चूक शोधण्यात अख्खा रविवार गेला, पण तेव्हापासून प्रत्येक आकड्यापुढे त्याचं माप लिहायची सवय लागली.

उत्तर आलं: पहिला ड्रिपर 4 लिटर, शेवटचा जेमतेम 3.3. युरियाही त्याच पाण्यातून जातो, म्हणजे टोकाची झाडं तहानलेली तर आहेतच, उपाशीही आहेत. तुम्ही अर्धा तास जास्त व्हॉल्व्ह सुरू ठेवता त्याने टोकाची तहान भागते, पण तोंडाकडच्या झाडांचं खत मुळांच्या खाली वाहून जातं.

मग मी प्रोग्रॅममध्ये एकच आकडा बदलला, 300 फुटांच्या जागी 150. शेवटचा ड्रिपर 3.9 वर आला! नळी निम्मी झाली की तिच्यातून जाणारं पाणीही निम्मं होतं, त्यामुळे दाबाची घट नुसती अर्धी न होता साधारण सहाव्या-सातव्या हिश्शावर येते. सबमेन, म्हणजे या नळ्यांना पाणी देणारी मोठी लाइन, शेताच्या कडेऐवजी मधोमध घेतली तर नळी दोन्ही बाजूंना 150 फूटच जाईल. खर्च चारीचा आणि पाइपाचा. केळीच्या कांदेबागेच्या लागवडीआधी विचार करा, नाना, निर्णय तुमचाच.

पण हे सगळं नळी आणि ड्रिपर नवे धरून आहे, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. म्हणून एक काम सांगते. आई, तुझं दुधाचं लिटरचं माप नानांना दे. लाइट दिवसा असेल त्या आठवड्यात एका नळीच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली पाव-पाव तास भांडं ठेवा आणि त्यातलं पाणी मापाने मोजा. पहिल्याखाली बरोबर लिटर यायला हवं, शेवटच्याखाली पाऊण लिटरच्या थोडं वर. शेवटी त्याहून कमी आलं, तर ड्रिपर चोंदलेत. तीनही आकडे मला फोनवर सांगा, मी वही उघडून बसते.

आई, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
ताई