कुंडीतल्या फुलझाडांनाही शेतीच्या पानावर जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्या पेपरातलं शेतीचं पान मी नेमाने वाचतो. हापूसचा मोहर, काजूवरचा ढेकण्या, सुपारीची गळ सगळं येतं त्यात, यायलाच पाहिजे, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण ज्याच्याकडे बाग नाही, फ्लॅटच्या गॅलरीत नाहीतर पडवीत चार कुंड्या आहेत, जास्वंद, मोगरा, गुलाब, अबोली, त्याने विचारायचं कोणाला? तो बिचारा खत-औषधाच्या दुकानात जातो, आणि तिथे काय होतं ते मध्यंतरी डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहायला बसलो.

एक बाई गुलाबाचं पान पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. पानावर काळे गोल डाग, कडा झिरमिळ्या, बाजूने पिवळं पडलेलं. दुकानदाराने पान हातातसुद्धा घेतलं नाही, मोठ्या बाटलीतलं कीटकनाशक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलं आणि म्हणाला बादलीभर पाण्यात एक झाकण टाका. आता तो रोग बुरशीचा, कीटकनाशकाने त्याला काही होत नाही, ते राहू दे, पण पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत विष, वर लेबल नाही, घरात लहान मुलं. १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, लेबल नसलेलं औषध विकताच येत नाही. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हंजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. सुटं घेतलं की हा त्रिकोणच गेला, हातात काय आहे ते कळायची सोय नाही. अर्थात दुकानदाराला एकट्याला बोलून काय उपयोग, एक लिटरची बाटली चार कुंड्यांसाठी कोण घेणार. छोटी सीलबंद पॅकिंग दुकानात मागून घ्या, आणि नसेल तर औषधाशिवाय परत या, त्याने झाड मरत नाही.

मुळात औषध आणायच्या आधी कीड आहे की बुरशी एवढं बघायला काय लागतं? पान उलटं करा. खाली काही हलतंय, चिकट लागतंय, मुंग्या वरखाली करतायत, तर कीड. डाग आहेत, पांढरी पावडर आहे, पण हलत काहीच नाही, तर बहुतेक बुरशी. आमच्याकडे जास्वंदीला कापूस लागला म्हणतात तो कापूस नव्हेच, पिठ्या ढेकूण, म्हंजे रस शोषणारी पांढरी कीड. पावसात भिजणाऱ्या जास्वंदीवरचा बराचसा धुऊन जातो, पण छपराखालच्या, गॅलरीतल्या जास्वंदीवर तो ठाण मांडून बसतो आणि नेमका गणपतीच्या तोंडावर कळ्यांच्या देठात शिरतो. त्याच्या गोड चिकट्यावर मुंग्या येतात, त्याच त्याची राखण करतात आणि या फांदीवरनं त्या फांदीवर नेतात, म्हणून मुंग्या आवरल्याशिवाय फवारून उपयोग नाही. पानं काळी पडतात ती काजळीही त्याच चिकट्यावर धरते. थोडा असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढायचा, जास्त असेल तर शेंडे कापून पिशवीत बांधून फेकायचे, आणि मग लिटरभर पाण्याला ५ मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब लिक्विड साबण, ऊन उतरल्यावर पानाच्या खालच्या बाजूने फवारायचं. एकदा करून भागत नाही, आठवड्याने परत.

गुलाबाच्या काळ्या डागाचं म्हणाल तर पान सलग सातएक तास ओलं राहिलं की ती बुरशी आत शिरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पान कोरडं असतं कधी? म्हणून गुलाब पावसात उघड्यावर ठेवूच नये, छपराखाली पण हवेशीर जागी ठेवावा, गळलेली पानं कुंडीत राहू देऊ नयेत कारण रोग त्यांच्यातच टिकून राहतो. भुरीचं, म्हंजे पानावरच्या पांढऱ्या पावडरीचं उलटं आहे, तिला पान ओलं लागत नाही, दिवाळीनंतर दिवसा ऊन रात्री गारवा सुरू झाला की ती येते, तेव्हा आंबट ताक पातळ करून फवारणारे लोक आहेत आणि थोडाफार फरक पडतोही. पण व्हॉट्सॅपवरचं ऐकून उरलेला दुधासाखरेचा चहा कुंडीत ओतणं मात्र बंद करा, त्याने फक्त मुंग्या आणि चिलटं येतात.

आता खरा मुद्दा. कोकणात कुंडीतली झाडं रोगाने कमी आणि पाण्याने जास्त मरतात. पावळीखाली ओळीने कुंड्या लावलेल्या असतात, वरनं छपराचं सगळं पाणी धो धो पडतं, खाली ताटली, भोक बुजलेलं. चार दिवसांनी झाड मान टाकतं, मग माणसाला वाटतं पाणी कमी पडलं आणि तो अजून घालतो! अशा वेळी झाड कुंडीतनं बाहेर काढा आणि मूळ दोन बोटांत धरून ओढा. वरची साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा राहिला आणि वास मारला, तर मूळकूज. मूळ पांढरं कडक आहे पण त्यावर जागोजागी गाठी आहेत, अबोलीला हे फार होतं, तर सूत्रकृमी, म्हंजे मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. दोन्हीला वरनं फवारून काही होत नाही. पहिल्यात कुजलेलं कापून नव्या भुसभुशीत मातीत लावा, ट्रायकोडर्मा, म्हंजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, शेणखतात मिसळून घाला. दुसऱ्यात ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, नव्या मातीत निंबोळी पेंड घाला, शेजारी झेंडू लावा. आणि मिरगाच्या आधी सगळ्या ताटल्या उचला, कुंड्या चिऱ्याच्या तुकड्यांवर चढवा, पावळीपासून हातभर आत घ्या. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

किनाऱ्यावरच्यांसाठी अजून एक, पानाच्या कडा करपतात तो प्रत्येक वेळी रोग नसतो. खारा वारा असतो, नाहीतर एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ झालेलं असतं. कुंडीच्या काठावर पांढरी खर दिसली की समजा. गोड्या पाण्याने पानं धुवा, कुंडीतनं भरपूर पाणी जाऊ द्या, औषध नको.

सुपारीवाल्यांकडे बोर्डो, म्हंजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, असतंच, ते कुंडीलाही चालतं. एक टक्क्याचं म्हंजे लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही अर्ध्या अर्ध्या लिटरात वेगळे, प्लास्टिकच्या भांड्यात, मग एकत्र. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपवायचं, आणि ट्रायकोडर्मा घातलेल्या कुंडीत ते सांडू द्यायचं नाही, नाहीतर एकाने दुसरं मारलं.

साहेब, दापोलीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, तिथली जाणती माणसं आपल्या पानावर लिहितातच. त्यांनाच सांगून कुंडीतल्या फुलझाडांसाठी एक छोटा कोपरा सुरू करा, वाचकांनी रोगट पानाचा फोटो पाठवायचा आणि त्यांनी कीड की बुरशी की नुसतं पाणी एवढं सांगायचं, औषधाचं नाव नंतर. मिरग तोंडावर आलाय, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मूळकुजीचं घेतलंत तर बऱ्याच जणांच्या अबोली वाचतील.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले