ओढ्यापाशी तार लागली

१८ मे

प्रिय मित्रा,

सात महिने झाले तुला लिहून. मध्ये तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. उचलले असते तर हे सांगावं लागलं असतं, आणि तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. तब्येती बऱ्या आहेत. आईचं दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता स्वतः सुईत दोरा ओवते.

आपली तालुक्याची वाट बंद झाली रे. ओढ्याच्या अलीकडे, कातळाच्या उतारावर सिमेंटचे खांब उभे राहिलेत, त्यांना पाचपदरी काटेरी तार. ९ डिसेंबरपासून. आणि तारेच्या आतलं रान तुमचं आहे. तार तुझ्या दादांनी लावली.

म्हणूनच हे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

दादांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. दोन वर्षं रानडुकरांनी त्यांचा मका लोळवला. वाटेने माणसं चालायची तोवर ठीक होतं, आता पोरं मोटरसायकली घालतात आणि चिखल झाला की सरळ पिकातून काढतात. पण मी बोलायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "इथं वाट कधी नव्हतीच, आमच्या बापानं माणुसकीनं जाऊ दिलं." ते मला लागलं. तुमचे आबा नांगर धरायचे तेव्हा वाटेपाशी आले की बैल थांबवायचे, फाळ उचलायचे आणि पलीकडे पुन्हा टेकवायचे. तू आणि मी बांधावर बसून बघितलंय ते. माणूस माणुसकीखातर दर हंगामाला एवढं करील?

मी भूमी अभिलेखातून गावनकाशाची नक्कल काढून आणली. गावठाणापासून शिवेपर्यंत तुटक रेघ आहे, तुमच्या नंबरातूनच गेलेली. अशी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट रुंद, तेहेतीस फुटी साखळीचा चौथा हिस्सा. ती रेघ बघताना एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली. वाट वाकडी का, यावर आपण केवढे तर्क लढवायचो! ती काळ्या रानात शिरतच नाही. मुरमाच्या चढाने जाते, आणि ओढा ओलांडते तो नेमका कातळ उघडा आहे तिथे. पावसाळ्यात काळी माती पाय धरून ठेवते, हे ज्यांनी पहिल्यांदा ती पायाखाली घातली त्यांना ठाऊक होतं. (तू मात्र त्याच कातळावरून दप्तरासकट पडलास आणि मास्तरांना सांगितलंस, "सर, भूगोल वाहून गेला." सगळा वर्ग हसला, मास्तर सगळ्यांत जास्त.)

आता सडकेने अकरा किलोमीटर पडतात. सहावी-सातवीच्या पोरी उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेने चालत जातात. बाजाराच्या दिवशी काकू डोक्यावर पाटी घेऊन तारेपर्यंत आली, उभी राहिली आणि माघारी गेली. कुणाला काही बोलली नाही. आमच्या खालच्या तुकड्याला तर दुसरी वाटच नाही आणि मृग तीन आठवड्यांवर आलाय.

उपाय आहे, तोच माझ्या जिवाला खातोय. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार ती खुली करून देऊ शकतात, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे ९ जून. अर्ज लिहून तयार आहे. सही केलेली नाही. सही केली की स्थळपाहणी, पंचनामा, जबाब. वहिवाट शाबीत करायला साक्षीदार लागतील, आणि या वाटेने दहा वर्षं शाळेला गेलेला, तिचा दगडन् दगड सांगू शकणारा माणूस म्हणजे तू. भावाविरुद्ध उभा राहा असं मी तुला कोणत्या तोंडाने सांगू?

दहावीच्या पहिल्या पेपरला तू मला जांभळीखाली थांबवून सडकेने सायकलवर निघून गेलास, ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा महिनाभर बोललो नव्हतो. हे त्याहून मोठं होईल, याची भीती वाटते.

म्हणून आधी एक कर. दादांना फोन कर. कायदा काढू नकोस, आबांचा नांगर काढ. तार सगळी काढा असं मी म्हणत नाही. वाटेवर दोन खांब मागेपुढे सरकवून वळणाची फट ठेवली, तर माणूस अंग तिरकं करून जाईल आणि मोटरसायकल अडेल. रात्री डुकरांसाठी फळी लावू, ती रोज लावायचं-काढायचं माझ्याकडे. खांब हलवायचा खर्चही मी करतो. ५ जूनपर्यंत तुझ्या उत्तराची वाट बघेन.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकटीचा दात पडला म्हणे. नवं घर लाभो, यायचं राहिलंच.

तुझाच

ता. क. आपली वाट किती लांब, हा आपला वाद मिटला: साडेचार किलोमीटर नाही, पाचच. दोन्ही गावांचे नकाशे जोडले, आईच्या सुईतला दोरा वाटेवर वळणावळणाने धरला आणि मोजला. पाच किलोमीटर आणि वर थोडं.