फेस्त, खाजं आणि तुझी उधारी

मळा, पणजी
९ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

काल चर्चच्या फेस्ताला तुझी आठवण काढली, म्हणजे शिव्याच घातल्या. दोन वर्षं झाली तुझ्या ‘येतो येतो’ला. शेवटी पाव किलो खाजं घेतलं आणि गार्डनात आपल्या कोपऱ्यात बसून एकट्यानं संपवलं. आल्याचा ठसका तोच. गुळानं बोटं अशी चिकटली की खिशात फोन वाजत राहिला आणि मी बोटं चोखत. समोर चर्चच्या नागमोडी जिन्यावर ही गर्दी! मध्येच घंटा झाली. ती घंटा ओल्ड गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली, १८७१ मध्ये इथं आणलेली.

आपण आयुष्यभर नुसतं ‘गार्डन’ म्हणालो. ते ज्याच्या नावाचं, तो गार्सिया द ओर्ता कोण, हे मी या वयात वाचलं. १५३४ मध्ये गोव्यात आलेला डॉक्टर. इथल्या वैद्य-हकिमांना विचारून हिंग, सुपारी, आंबा, फणस यांचे गुण लिहून काढले आणि १५६३ मध्ये ते पुस्तक गोव्यातच छापलं. घराणं मूळचं ज्यू, धर्म बदललेलं. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये याची हाडं उकरून तीही जाळली. पुढे बागेला त्याचं नाव दिलं तेही पोर्तुगिजांनीच! हे वाचल्यापासून त्या गेटातून शिरताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं. तुला हसू येईल.

मधला खांब १८९८ चा, वास्को द गामाच्या येण्याला चारशे वर्षं झाली म्हणून उभारलेला. वर त्याचाच पुतळा होता. आता अशोकस्तंभाचे सिंह. सिंहांवरून आठवलं, नाण्यावर तीनच दिसतात म्हणून तीनच, असं तू ठासून सांगितलं होतंस. मग मान वर करून खांबाभोवती फिरलास, एकदा, दोनदा, आणि चौथा दिसल्यावर म्हणालास, “हो मागीर बसयला!” म्हणे हा नंतर बसवला! त्या पैजेची पातळभाजी आणि दोन पाव अजून येणं आहेत.

बाकी आपला भाग जुनाच, गाड्या तेवढ्या दामदुप्पट. काल स्कूटर लावायला तीन चकरा मारल्या आणि शेवटी घरी ठेवून चालत आलो. मध्यंतरी रस्ते खणून ठेवले होते, त्यात मडगार्ड गेलंच आहे. तू येशील तेव्हा बसनंच ये. स्टँडवरून पाटो पूल ओलांडून चालत आलास तर दहा-पंधरा मिनिटं. सकाळी लवकर ये, नऊनंतर पातळभाजी संपते.

आईंना नमस्कार सांग.

तुझाच,
बाबू